मुख्य पॉइंट गार्ड जखमी, अकरा दिवसांवर कट्टर प्रतिस्पर्ध्याशी सामना: संघ कसा सांभाळावा?

प्रश्न: मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांचा तिसरा स्तर) कॉलेजात पुरुषांच्या बास्केटबॉल संघाचा ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे पदव्युत्तर शिकता शिकता सहायक प्रशिक्षक, आहे. आमचा कर्णधार आणि पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ चालवणारा, शेवटच्या वर्षाचा, परवा सरावात पडला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) तुटल्याचं निघालं. हंगामाचे पंधरा सामने झालेत. अकरा दिवसांनी आमच्या कोर्टवर शेजारच्या कॉलेजाशी सामना आहे, आणि अख्खं गाव वर्षभर त्याचीच वाट बघत असतं. त्याच्या जागी कुणाला उभं करायचं? पोरांना कसं सावरायचं? त्याच्याशी काय बोलायचं? शिवाय एका फॉरवर्डचा घोटा मुरगळलाय आणि तो खेळायचंच म्हणतोय. दादा, तुम्ही यातून गेला असाल, म्हणून विचारतोय.

उत्तर:

हो, गेलोय. चार वेळा. एकोणीस वर्षं मी अशाच छोट्या कॉलेजांच्या बेंचवर बसतोय, त्यातली शेवटची आठ मुख्य प्रशिक्षक म्हणून. त्या चारपैकी दोनदा मी चुकलो, आणि एका चुकीची किंमत माझ्याऐवजी वीस वर्षांच्या एका पोराने मोजली. ते पुढे सांगतो. दादा म्हणालास म्हणून एकेरीतच लिहितोय.

वेळ कमी आहे, तेव्हा कामाचं आधी. आज रात्री मागच्या सहा सामन्यांचा व्हिडिओ लाव आणि फक्त तुमच्या कर्णधाराकडे बघ. त्याचे गुण आणि असिस्ट (ज्यांवर गुण झाले ते पास) मोजत बसू नकोस, ते स्कोअरशीटवर आहेतच. तो कोर्टवर काय काय कामं करतो ती लिहून काढ. समोरच्यांनी प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर अंगावर येऊन अडवायला लागले, की चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे कोण नेतं? शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायच्या मुदतीच्या घड्याळावर) सात-आठ सेकंद उरले आणि काहीच जमलेलं नसलं की चेंडू कुणाच्या हातात असतो? बाजूच्या रेषेवरून आत पास कोण टाकतं? समोरच्या सगळ्यात धोकादायक गार्डला कोण अडवतं? बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरला त्याच्या चांगल्या हाताकडे, हव्या त्या उंचीवर पास कोण देतं? शेवटच्या दोन मिनिटांत फ्री थ्रोच्या रेषेवर कोण उभं असतं? स्क्रीन (वाट अडवायला उभा राहणारा खेळाडू) येतोय हे ओरडून कोण सांगतं? पंचांशी शांतपणे कोण बोलतं? टाइमआउट संपल्यावर कोर्टवर परत जाताना नवख्याच्या खांद्यावर हात ठेवून 'तू इथे उभा राहा' असं कोण सांगतं?

माझी यादी दर वेळी बारा-चौदा ओळींची झाली आहे. त्यातल्या निम्म्या ओळी आपण कधी काम म्हणून मोजलेल्याच नसतात. खेळाडू गेल्यावरच कळतं की हेही तोच करत होता. यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे एक नाव लिही. एकाच नावापुढे तीनपेक्षा जास्त कामं येऊ देऊ नकोस.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. त्याच्या जागी कुणालाच उभं करायचं नाही. बदली पॉइंट गार्ड सुरुवातीपासून खेळेल हे उघड आहे, पण त्याला 'आता तू तो आहेस' असं सांगितलंस तर ते पोर चार वर्षांचं ओझं अकरा दिवसांत उचलायला जाईल आणि वाकेल. माझ्या पहिल्या खेपेला मी नेमकं हेच केलं होतं. दुसऱ्या वर्षाचा मुलगा होता, सरावात छान खेळायचा. सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत त्याने पाच वेळा चेंडू गमावला, कारण दर वेळी तो जखमी सिनियरला जमायचा तोच पास द्यायला जात होता. त्याच्याकडे स्वतःचे चांगले पास होते. मीच त्याला ते देऊ दिले नाहीत.

बदली गार्डला दोनच कामं दे. चेंडू सुखरूप पुढे आणायचा आणि समोरच्या गार्डसमोर पाय हलवत राहायचं. शॉट क्लॉक संपत आला की चेंडू तुमच्या सर्वांत चांगल्या शूटरकडे किंवा पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, जाईल. आत पास टाकायचं काम एखाद्या उंच आणि शांत डोक्याच्या फॉरवर्डला दे. डिफेन्समध्ये बोलायची जबाबदारी सेंटरची, कारण मागे उभा राहून त्यालाच सगळं दिसतं. पंचांशी बोलायला उपकर्णधार. हे सगळं फळ्यावर नावानिशी लिहा. आपल्या वाट्याला काय आलं आहे हे मुलांना डोळ्यांनी दिसलं की त्यांची धास्ती निम्मी कमी होते. हे मी अंदाजाने म्हणत नाही, डोळ्यांदेखत पाहिलं आहे.

याचं मोठं उदाहरण १९८० च्या एनबीए फायनल्समध्ये आहे. लेकर्सचा सेंटर करीम अब्दुल-जब्बारचा घोटा दुखावला आणि सहाव्या सामन्यासाठी तो फिलाडेल्फियाला गेलाच नाही. वीस वर्षांचा मॅजिक जॉन्सन, पहिल्याच हंगामातला गार्ड, सेंटरच्या जागी सुरुवातीच्या उडीला उभा राहिला आणि त्याने ४२ गुण, १५ रिबाउंड (हुकलेले शॉट पकडणं), ७ असिस्ट केले. गोष्ट इथवर सगळ्यांना पाठ असते. त्याच सामन्यात जमाल विल्क्सने ३७ गुण केले, ते फार कुणाच्या लक्षात राहत नाही. लेकर्स १२३-१०७ ने जिंकले, आणि करीमची उणीव एका माणसाने भरून काढली नव्हती. मॅजिकही मूळचा मिडवेस्टमधल्या मिशिगनचा, त्यामुळे तुमच्या पोरांना ही गोष्ट अर्धी माहीत असेल. उरलेली अर्धी, म्हणजे विल्क्सची, तू सांग.

आता या सामन्याबद्दल. इतर सामन्यांपेक्षा हा वेगळा का असतो हे नीट समजून घेतल्याशिवाय तयारी चुकीच्या दिशेने जाते.

छोट्या कॉलेजांच्या चुरशीत जाणकार पहिलं नाव घेतात ते मिशिगनमधल्या होप आणि कॅल्व्हिनचं. होप हॉलंड गावात, कॅल्व्हिन तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर ग्रँड रॅपिड्समध्ये. दोन्ही डच स्थलांतरितांच्या वंशजांची. १८४७ मध्ये ही मंडळी हॉलंडला वसली आणि दहाच वर्षांत, १८५७ मध्ये, चर्चच्या आचारविचारावरून त्यांच्यात फूट पडली. एक गट रिफॉर्म्ड चर्चमध्ये राहिला, दुसरा बाहेर पडला आणि पुढे ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च झाला. होप पहिल्यांचं, कॅल्व्हिन दुसऱ्यांचं. आडनावं तीच, नातीगोती एकमेकांत. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. १९९७ मध्ये यांचा सामना ग्रँड रॅपिड्सच्या व्हॅन अँडेल अरीनामध्ये ठेवला तेव्हा ११,४४२ लोक आले, तो डिव्हिजन थ्रीचा विक्रम ठरला. या स्तरावर खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही हे ध्यानात घेतलंस तर तो आकडा किती मोठा आहे ते कळेल. आणि खेळही तितकाच कसदार. कॅल्व्हिनने १९९२ आणि २००० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, होप १९९६ आणि १९९८ मध्ये अंतिम सामन्यात हरलं.

मी होपमध्येही नव्हतो आणि कॅल्व्हिनमध्येही. पण त्यांचे सामने प्रेक्षकांत बसून पाहिले आहेत. एका बाजूला नारिंगी-निळं, दुसऱ्या बाजूला मरून-सोनेरी, आणि मधे दोन आज्या, एकीचा नातू इकडे, दुसरीचा तिकडे. मला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरातली पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी आठवली. 'अरे आवाज कुणाचा' म्हणताना घसा बसलेली आपली पोरं आणि ती पोरं यांच्यात मला काही फरक दिसला नाही. ही ओढ खरी असते, आणि तिची थट्टा करणारा प्रशिक्षक मुलांचा विश्वास गमावतो. 'हाही इतरांसारखाच एक सामना आहे' असं त्यांना सांगू नकोस. तो तसा नाही, हे त्यांना तुझ्याआधी माहीत आहे.

चुरशीचा कामापुरता अर्थ असा की समोरचे तुम्हाला आतून-बाहेरून ओळखतात. वर्षातून दोनदा, कॉन्फरन्स (आपल्या कॉलेजांचा गट) स्पर्धेत गाठ पडली तर तीनदा, तुम्ही एकमेकांशी खेळता. कित्येक मुलं शाळेपासून एकमेकांविरुद्ध किंवा एकाच उन्हाळी संघात खेळलेली असतात. तुमच्या सगळ्या चाली, हातवारे, हाका त्यांना पाठ आहेत. कर्णधाराचा गुडघा गेल्याची बातमीही एव्हाना त्यांच्या कॅफेटेरियात पोहोचली असेल. त्यांच्या प्रशिक्षकाच्या जागी मी असतो तर पहिल्या मिनिटापासून पूर्ण कोर्टवर प्रेस लावला असता आणि नव्या गार्डला कोपऱ्यात कोंडलं असतं. तेही तेच करतील असं धरून चाल.

म्हणून अकरा दिवसांच्या सरावातला सगळ्यात मोठा हिस्सा प्रेस तोडण्याला दे. नवीन चाली शिकवू नकोस. उलट, आहेत त्यातल्या निम्म्या काढून टाक. माझ्या मते अशा वेळी सहा-सात चाली पुरे, पण त्या झोपेतही जमल्या पाहिजेत. प्रेससाठी चेंडू आणणारे दोघे ठेव, एकटा कधीच नको. पहिला पास घेणाऱ्याने ड्रिबल करायच्या आधी मान वर करून पुढे बघायचं. एक उंच खेळाडू कोर्टच्या मधोमध येऊन पास मागेल, कारण ट्रॅप (दोघांनी मिळून कोंडणं) लागतो तो कडेला आणि मोकळी जागा असते ती मध्ये. अर्धी रेषा ओलांडल्याबरोबरचा कोपरा हा सापळा आहे, तिथे ड्रिबल थांबवायचा नाही हे मुलांच्या अंगात मुरलं पाहिजे. सरावात पाचांविरुद्ध सहा किंवा सात डिफेंडर सोड. पहिले दोन दिवस मुलं चिडतील, चेंडू गमावतील. चिडू दे. चौथ्या दिवसापर्यंत पाचांविरुद्ध पाच त्यांना सोपं वाटायला लागेल. हा एक सराव मी आजवर कधी वगळलेला नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. सामना चाळीस मिनिटांचा, आणि आपल्या स्तरावर प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण सत्तर वेळा चेंडू येतो. बलवान संघाला जितक्या जास्त संधी, तितकी त्याची ताकद उघड होत जाते. दुबळ्या बाजूने संधी कमी केल्या तर नशिबाला वाव वाढतो. तुम्ही आज दुबळी बाजू आहात, हे मान्य करताना त्रास झाला तरी. तेव्हा साठ-बासष्टवर सामना आणा. तीसपैकी वीस सेकंद चेंडू फिरवा, पळून आलेल्या सोप्या संधी तेवढ्या घ्या, आणि शॉट गेला की तिघे मागे पळा. प्रेक्षकांना हे आवडणार नाही. तुझ्या मुख्य प्रशिक्षकांनाही कदाचित नाही. त्यांच्यापुढे मांड, त्यांचा निर्णय मान, पण मांड जरूर.

उरलेल्यांच्या मिनिटांकडे लक्ष दे. मुख्य खेळाडू गेला की प्रशिक्षक घाबरून उरलेल्या चार चांगल्यांना अडतीस-अडतीस मिनिटं पळवतो, आणि दोन आठवड्यांत दुसरी दुखापत होते. मी बेंचवरच्या आठव्या-नवव्या खेळाडूला पहिल्या अर्ध्यात चार मिनिटं ठरवून देतो. ती चार मिनिटं दोन गुणांनी हरलो तरी चालतं, कारण शेवटच्या चार मिनिटांत माझ्या शूटरच्या पायात जीव उरलेला असतो.

आता पोरांना सावरण्याबद्दल. दुखापत झाली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. एसीएल तुटताना कित्येकदा 'टक्' असा आवाज येतो, आणि ज्याने तो ऐकला तो पुढच्या सरावात उडी मारताना बिचकतो. म्हणून पहिल्या सरावाआधी दहा मिनिटं सगळ्यांना बसवा आणि जे खरं आहे ते साध्या शब्दांत सांगा. काय झालं, आता काय होणार, तो परत कधी दिसणार. कर्णधाराच्या परवानगीशिवाय त्याच्या तब्येतीचं काहीही बोलू नका, ती त्याची खासगी बाब आहे. मग पंधरा सेकंद कुणी काही बोललं नाही तरी ती शांतता भरून काढायची घाई करू नकोस. कुणी रडलं तर रडू दे. त्यानंतर चेंडू घ्या आणि हलका सराव करा, शूटिंग आणि पास. त्या दिवशी जोराचा खेळ नको.

'त्याच्यासाठी जिंका' हे वाक्य मात्र वापरू नका. रिकाम्या खुर्चीवर त्याची जर्सी टाकणं, बाहीवर त्याचा नंबर लिहिणं, हे मुलांनी स्वतःहून केलं तर अडवू नकोस, पण तुम्ही घडवून आणू नका. घरचं कोर्ट, भरलेली गॅलरी, शेजारचं कॉलेज, एवढ्यानेच त्यांचं काळीज घशाशी आलेलं असतं. त्यावर मित्राचं ऋण चढवलं की पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक जण तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून घाईघाईत चेंडू फेकायला लागतो. आणि हरले तर? मग आपण मित्राला फसवलं असं त्यांना वाटतं. वीस वर्षांच्या मुलांच्या माथी हे कशाला मारायचं? त्याच्याही माथी कशाला? त्याच्या नावाने हरलेला सामना आयुष्यभर आठवणीत ठेवण्यासारखं त्याने काय केलंय?

कर्णधाराबद्दल तू पोरांच्या नंतर विचारलंस. माझ्या मनात ते सगळ्यात वर आहे.

एक कटू गोष्ट आधी. वैद्यकीय कारणाने एक हंगाम परत मिळण्याची सवलत एनसीएएमध्ये (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) आहे, पण ती मिळायला दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली असावी लागते आणि खेळलेल्या सामन्यांवर मर्यादा असते. तुमचे पंचवीसपैकी पंधरा झालेत. म्हणजे बहुधा त्याचा कॉलेजचा शेवटचा सामना होऊन गेला आहे, आणि तो शेवटचा आहे हे खेळताना त्याला ठाऊक नव्हतं. नेमकं काय लागू होतं ते कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसरकडून, म्हणजे नियम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून, लेखी घ्या आणि मुख्य प्रशिक्षकांनी ते त्याला समोर बसून सांगावं. खोटी आशा देऊ नका. 'बघू, काहीतरी होईल' हे वाक्य ऐकायला प्रेमळ वाटतं, पण सहा आठवड्यांनी ते जास्त लागतं.

त्याच्या खोलीवर जा. तो दूर बसलेला स्टार नाही, तुमच्या कॉलेजचा विद्यार्थी आहे. फी भरून आलाय, या सत्रात त्याचे चार-पाच विषय आहेत. जानेवारीत मिशिगन तलावावरून येणारा बर्फ रस्त्यावर साचलेला असताना कुबड्यांवर वर्गात जाणं किती अवघड असतं ते एकदा त्याच्यासोबत चालून बघ. दप्तर कोण नेणार, जेवणाचा ट्रे कोण धरणार, ट्रेनरकडे (दुखापती बघणाऱ्याकडे) गाडीतून कोण सोडणार, याची पाळी संघाने लावावी. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे काम द्या. त्यांना तो देवासारखा वाटत असतो, आणि चार दिवस त्याची बॅग उचलली की तो माणूस होतो. त्यातून जो जिव्हाळा तयार होतो तो पुढची तीन वर्षं संघाला पुरतो.

शस्त्रक्रियेची घाई नको. सूज उतरेपर्यंत आणि गुडघा पूर्ण सरळ व्हायला लागेपर्यंत सर्जन सहसा थांबतात, आणि तेवढ्या काळात मांडीच्या स्नायूंचा व्यायाम चालू राहतो. शस्त्रक्रियेनंतर पूर्ण खेळायला नऊ महिने तरी धरायचे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर आणि ऑस्लोच्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकं प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटलं. तो आता कॉलेजकडून खेळणार नसला तरी त्याला आयुष्यभर तो गुडघा वापरायचा आहे, रविवारी मित्रांबरोबर खेळायचं आहे, उद्या पोरांमागे पळायचं आहे. पदवी मिळाली की ट्रेनर सुटतो, जिम सुटते, आणि व्यायाम अर्धवट राहतो. गाव बदलल्यावर फिजिओथेरपी कुठे चालू राहील याची सोय मे महिन्याच्या आधी लावून द्या.

संघात त्याला खरं काम द्या, शोभेचं नको. मी अशा खेळाडूला बेंचवर माझ्या शेजारी बसवतो आणि एकच काम देतो, समोरच्यांच्या बाजूच्या रेषेवरच्या चालींच्या हाका ओळखायच्या. त्याच्याइतकं ते कुणालाच ओळखता येत नाही, कारण त्याने चार वर्षं त्या ऐकल्या आहेत. एका पोराने दुसऱ्या अर्ध्यात तीनदा आधीच ओरडून सांगितलं आणि आम्ही तीन पास तोडले. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. पण पहिल्या आठवड्यात त्याला जिममध्ये यायचंच नसेल तर ओढून आणू नकोस. दाराशी येऊन परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. जेवण सोडलं, वर्ग बुडवायला लागला, झोप उडाली, मेसेजला उत्तर देईनासा झाला तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे तू स्वतः त्याच्यासोबत चालत जा. 'जाऊन ये' एवढं म्हणून भागत नाही.

आता घोटा. इथे माझी चूक सांगतो.

बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या कॉलेजात सहायक असताना, आमच्या फॉरवर्डचा घोटा असाच सामन्याच्या आठवडाभर आधी मुरगळला. मी त्याला कधीही 'खेळ' म्हणालो नाही. मी फक्त रोज तीन-तीनदा विचारायचो, 'कसं वाटतंय आज?' सकाळी कॅफेटेरियात, दुपारी ट्रेनरच्या खोलीत, संध्याकाळी फोनवर. त्या प्रश्नाचं कुठलं उत्तर मला हवंय हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ट्रेनर म्हणाली होती की एका पायावर उडी मारताना तो अजून दचकतो. त्याने तिला दुखत नाही असं सांगितलं आणि मी गप्प बसलो. दुसऱ्या अर्ध्यात रिबाउंड घेऊन उतरताना तोच पाय कुणाच्या तरी बुटावर पडला. उरलेला हंगाम गेला, आणि पुढच्या वर्षीही त्याची उडी पहिल्यासारखी झाली नाही. सामना आम्ही जिंकलो होतो. त्याचा फोटो त्या कॉलेजच्या भिंतीवर असेल. मला तो बघवत नाही.

लंगडत येऊन सामना जिंकून देणारा वीर सगळ्यांना आवडतो. ८ मे १९७० ला न्यू यॉर्क निक्सचा विलिस रीड मांडीचा स्नायू फाटलेला असताना कोर्टवर आला, पहिले दोन शॉट आत गेले आणि प्रेक्षक पेटले. त्या सामन्यात त्याचे एकूण गुण चार. वॉल्ट फ्रेझरने ३६ गुण आणि १९ असिस्ट केले, तेव्हा विजेतेपद आलं. आणि १० जून २०१९ ला गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट पोटरीच्या दुखापतीतून महिनाभराने फायनल्समध्ये परतला. बारा मिनिटांत ११ गुण केले, मग त्याचा टाचेमागचा अकिलिस टेंडन तुटला आणि पुढचा संपूर्ण हंगाम तो बाहेर बसला. त्याच्या दिमतीला तर जगातले उत्तम डॉक्टर होते. तुमच्याकडे बहुधा तीन-चार संघांमागे एक ट्रेनर आहे.

तेव्हा खेळायचं की नाही हे ट्रेनर आणि संघाचे डॉक्टर ठरवतील. तू नाही, मुख्य प्रशिक्षक नाही, त्याचे वडील नाहीत आणि तो स्वतःही एकटा नाही. एका पायावर टाच उचलणं, एका पायावर उडी मारून स्थिर उतरणं, पूर्ण वेगात दिशा बदलणं, हे न लंगडता जमलं आणि दुसऱ्या दिवशी सूज वाढली नाही, तर ब्रेस बांधून पुढचा विचार. त्याची विचारपूस जरूर कर, पण अभ्यासाची कर, घरची कर. घोट्याचं ट्रेनरला विचार, आणि तेही दिवसातून एकदाच.

त्याच्याविना खेळायची योजना आजच तयार ठेव. सामन्याच्या सकाळी तो मोकळा झाला तर तो वाढावा समज.

सामन्याच्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. आपल्या स्तरावर टीव्हीचे ठरलेले टाइमआउट बहुतेक वेळा नसतात, त्यामुळे समोरच्यांनी सुरुवातीलाच सलग आठ गुण केले तर खेळ आपोआप थांबणार नाही. तो तुम्हालाच थांबवावा लागेल. पहिला टाइमआउट लवकर घ्यायची तयारी ठेवा, त्यात कमीपणा नाही. पहिल्या तीन चाली आदल्या दिवशीच ठरवून मुलांना सांगा, म्हणजे गोंगाटात कुणाला काही ऐकावं लागणार नाही. नव्या गार्डने पहिला चेंडू गमावला तर त्याला लगेच बाहेर काढू नका. काढलंत तर उरलेला सगळा हंगाम तो तुमच्या बेंचकडे बघत खेळेल.

यातून जिंकाल का? माझ्या चारपैकी एक सामना आम्ही जिंकलो, तोही घोट्याचा. ज्या वर्षी मी सगळं नीट केलं असं मला वाटतं, कामं वाटली, प्रेसचा सराव घेतला, कुणावर ओझं टाकलं नाही, त्या वर्षी आम्ही सहा गुणांनी हरलो. परतीच्या सामन्यातही हरलो. पण त्या संघाने उरलेल्या हंगामात एकही सराव रडतखडत केला नाही, आणि तो जखमी कर्णधार आज एका शाळेत मुलांना बास्केटबॉल शिकवतो. दर डिसेंबरमध्ये त्याचा फोन येतो.

सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, निकाल काहीही लागो, कर्णधाराच्या खोलीवर नाश्ता घेऊन जा. आदल्या रात्री सगळे त्याच्याभोवती असतील, सकाळी कुणी नसेल.

कामांची यादी झाली की मला पाठव, नावांसकट. प्रेस तोडण्याचा व्हिडिओ त्याआधी पाठवलास तर बरं. रविवारी मी मोकळा आहे, दोघे मिळून बघू.